डावी बाजू ताईची

छोटूचं वय विचारू नका. डोक्यावरचे केस निम्मे गेलेत, पोट शर्टाच्या गुंड्यांशी भांडतं, नळ बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस आहे आणि हाताखालची माणसं त्याला साहेब म्हणतात. पण घरात तो छोटू. ताईने ठेवलेलं नाव ते, बदलायची हिंमत कुणाच्या बापाची आहे?

ही ताई आता खिडकीपाशी खुर्चीत बसून असायची. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, काठी टेकत का होईना ती चालायला लागली, पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. ताई कपडे शिवणाऱ्या मोठ्या दुकानात कटर होती. कात्री लावली की एका दमात कापड पार करायची, तोवर तोंडातून चकार शब्द नाही, आणि कापून झालं की अख्ख्या दुकानाची टिंगल. अशा बाईचा नेमका उजवाच हात जावा, याला काय म्हणायचं!

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई सांगून सांगून थकल्या. "अहो, तुमचा डावा हात ठणठणीत आहे. आधी त्याला कामाला लावा, मग उजव्याकडे बघू."

"आज आहे, उद्या तोही जाईल," ताई म्हणायची. "कशाला त्याचे लाड करायचे?"

आणि दोन्ही हात मांडीवर. चहाचा कपसुद्धा लेकीने तोंडाशी धरायचा. टिंगल तर बंदच झाली होती. छोटू रोज कारखान्यातून सुटला की तिच्याकडे जाऊन बसायचा, कसलेतरी विनोद करायचा, आणि ती नुसतं "हं" म्हणायची. एका संध्याकाळी घरी परतताना त्याला बदकाची आठवण झाली.

हे बदक म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. लहानपणी या बहीणभावांत मिळून एकच व्हिडिओ गेम होता. हातात धरायचा, करडा, जाडजूड, पाठीत सेल घालायचे आणि वरून कॅसेट खोचायची. कॅसेटही एकच, बदकाची. त्या खेळावरून अशी जुंपायची की शेजारचे येऊन दार वाजवायचे. आई नर्स, रात्रपाळी करून आलेली, डोळ्यांवर झोप. एका दुपारी ती ताडकन उठली, गेम हिसकावून घेतला आणि निकाल देऊन टाकला. "डावी बाजू ताईची, उजवी छोटूची. खेळायचं तर दोघांनी मिळून. नाहीतर आत्ता हे बादलीत बुडवते." आई बोलली म्हणजे करणार, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं.

डावीकडे फुलीच्या आकाराचं बटण, त्याने बदक पुढेमागे चालायचं. उजवीकडे दोन गोल बटणं, एकाने उडी आणि दुसऱ्याने चोच. म्हणजे ताईने चालवायचं आणि छोटूने उडवायचं. पलंगाच्या कडेवर दोघं चिकटून बसायची. ताईचा डावा हात गेमवर, उजवा छोटूच्या मानेभोवती, कारण बदकाबरोबर हा शहाणाही उडी मारायचा आणि पलंगावरून खाली पडायचा. पहिले काही दिवस बदकाने एकही खड्डा सोडला नाही. मग हळूहळू असं जमलं की तोंडाने सांगावंही लागेना, ती काठाशी आणायची आणि हा उडवायचा. आईची दिवसपाळी असली की दुपारच्या दुपार त्या बदकावर निघून जायची. एवढं मात्र खरं, की एकेकट्याने तो खेळ दोघांनी कधी खेळलाच नाही.

तेव्हा छोटूने ठरवलं, तोच गेम शोधायचा. ताईला डावा हातच लागणार, आणि तो तर धडधाकट आहे! त्याने भाचीला सांगितलं. भाची औषधाच्या दुकानात कामाला, तिखट जिभेची, थेट आईवर गेलेली. रविवारी सकाळी दोघं जुन्या खेळांच्या दुकानात गेले.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली, भिंतीभर काचेची कपाटं, आणि मधे स्टुलावर दुकानदार, स्क्रूड्रायव्हर दातात धरून. त्याने काउंटरवर दोन गेम ठेवले. एक करडा, जाड, कोपऱ्यावर घासलेला. दुसरा नवाकोरा, तळहाताएवढा, दिसायला त्याचाच धाकटा भाऊ.

"हा ओरिजिनल," दुकानदार म्हणाला. "आणि हा क्लोन. दुसऱ्या कंपनीने त्यावरून बनवलेला. आतून सगळं वेगळं, पण जुने खेळ यात भरलेले येतात. बदकसुद्धा आहे."

"क्लोन घे मामा," भाची म्हणाली. "पडद्याला उजेड आहे, चार्ज होतो. त्या ओरिजिनलचा पडदा बघ, दिव्याखाली नेल्याशिवाय काही दिसत नाही. आईचे डोळे काय तरुण आहेत?"

"नक्कल ती नक्कल," छोटूने नाक मुरडलं. "ताईला मी खोटी वस्तू देऊ?"

"खोटी कसली? बदक चालतंय ना?"

"तुला नाही कळणार ते."

"नाहीच कळत बाई," असं म्हणून तिने क्लोन उचलला आणि उभ्याउभ्या खेळायलाही लागली, दोन्ही हातांनी, चारचौघं खेळतात तशी.

छोटूने ओरिजिनल हातात घेतला. तोच जाडपणा, तेच वजन. त्याला एकदम आईची बादली दिसली, शेजाऱ्यांनी वाजवलेलं दार ऐकू आलं, काय काय झालं. दुकानदार म्हणाला, "हा कालच आलाय, मी अजून उघडलेला नाही. नीट चालवून बघा."

छोटूने त्याच्याकडून बदकाची कॅसेट घेऊन खोचली. पडद्यावर बदक आलं. त्याने उजव्या अंगठ्याने बटण दाबलं, बदक जागच्या जागी उडालं. पुन्हा दाबलं, पुन्हा उडालं. चोच मारून बघितली, चोचही झकास. बटणं कशी मऊ, नुसता अंगठा टेकवला तरी दबणारी.

"बघितलंत ना सगळं?"

"अहो, मी नळ तपासतो दिवसभर," छोटू छाती फुगवून म्हणाला. "आपल्या हातून काही सुटत नाही."

भाचीने क्लोन स्वतःसाठी घेऊन टाकला. "असू दे मला, बसमध्ये वेळ जाईल," म्हणाली. छोटूने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

दुपारी त्याने ताईसमोर तो करडा गेम धरला. ताईने तो नजरेनेच वरून खालपर्यंत न्याहाळला. मग म्हणाली, "कुठून रे आणलास?" तिचा आवाज इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा ओला झाला होता. छोटूला तेवढ्यानेच भरून आलं. त्याने खुर्ची तिच्या खुर्चीला चिकटवली, टेबलावरचा दिवा जवळ ओढला. गेमची उजवी बाजू आपल्याकडे, डावी तिच्याकडे. ताईने डावा हात मांडीवरून उचलला. स्वतःहून! भाची स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, ती पटकन आत वळली आणि कढईत उगाच झारा फिरवत बसली.

"चल," ताई म्हणाली आणि अंगठा फुलीवर ठेवून दाबला.

बदक हललं नाही.

तिने पुन्हा दाबलं. जोर लावला, ओठ आवळले. बदक आपलं उभं. छोटूने उडी मारून बघितली, ते सरळ वर गेलं आणि सरळ खाली आलं. ताईने अंगठ्याकडे बघितलं. परत दाबलं. मग हळूच हात काढून घेतला आणि दुसऱ्या हाताशेजारी नेऊन ठेवला.

"गेला," ती म्हणाली. "हाही गेला. सांगत होते मी."

आणि आता या आपल्या तपासनीस साहेबांची कमाल ऐका. गेममध्ये काही बिघाड असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही! का येईल? सकाळीच तर त्याने सगळं तपासलं होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "डॉक्टरांना फोन लाव गं!" तो ओरडला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आपण हौसेने आणलं आणि आपणच तिला हे दाखवलं, या विचाराने त्याला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

भाची धावत आली. फोन हातात घेतला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, थांबली.

"मामा, फुलीचं बटण बघितलं होतंस ना दुकानात?"

"सगळं बघितलं होतं."

"फुलीचं?"

छोटूने करड्या गेमवरच्या फुलीकडे बघितलं. "ते..." तो म्हणाला. "ते ताईचं असतं ना."

भाचीने कपाळाला हात लावला. ताईने मात्र मान फिरवली. "समजूत काढू नका माझी. मला कळतं माझ्या हातातलं."

भाचीने पर्समधून तो तळहाताएवढा क्लोन काढला, बदक लावलं आणि आईचा डावा अंगठा धरून त्याच्या फुलीवर ठेवला. पडद्याला लखलखीत उजेड. ताईने मनाविरुद्ध दाबलं.

बदक चाललं. डुलत डुलत, शेपूट हलवत, अगदी तसंच. ताईने अंगठा उचलला, ते थांबलं. दाबला, चाललं. मागे दाबला, मागे आलं. "अगं बाई," ती म्हणाली, आणि दाबतच राहिली. बदक पुढे पुढे निघालं, खड्डा आला, आणि डुबुक्!

"अरे उडी मार ना, गाढवा!" ताई केवढ्याने ओरडली. "तोंड काय बघतोस माझं? तुझी बाजू कोण सांभाळणार?"

गाढव खुर्चीसकट पुढे सरकलं. क्लोन एवढासा, दोन मोठ्या माणसांचे अंगठे त्यावर मावेनात, डोक्याला डोकं आपटलं. तरी पुढच्या खड्ड्यावरून बदक गेलं, त्याच्या पुढच्यावरूनही गेलं. मधेच ताईला काहीतरी आठवलं आणि ती हसायला लागली. "नळाचं काय रे करतोस तू कारखान्यात? गरम पाण्याचा बघतोस आणि गार पाण्याचा सोडून देतोस?" हसता हसता तिला ठसका लागला. छोटूही हसत होता आणि रडतही होता. त्याने मनातल्या मनात त्या नकलेचे पाय धरले. उद्या कुणी क्लोनला नावं ठेवली तर त्याची गाठ छोटूशी आहे.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर तो ओरिजिनल घेऊन दुकानात गेला. सगळं ऐकून दुकानदार आधी हसला, मग त्याने गेम उघडला. फुलीच्या खालचं रबर पार झिजलं होतं. ते बदलून त्याने गेम परत दिला. "आता दोन्ही बाजूंनी बघा बरं." छोटूने जन्मात पहिल्यांदा डावा अंगठा फुलीवर ठेवला. चालव, थांबव, काठाशी आण, पुन्हा थांबव. त्याला नीट जमेना, आणि मजाही येईना. मजा सगळी उडीत होती. दुकानदाराचे त्याने इतके आभार मानले की तो बिचारा अवघडला.

ताईकडे येऊन त्याने विचारलं, "डावीकडे काहीच मजा नसते गं. नुसती हमाली. तू कधी बोलली का नाहीस?"

"तुला उड्या मारायला मिळाल्या की तू रडायचा थांबायचास," ताई म्हणाली. "घरात शांतता हवी होती मला."

"मला कधी कळलंच नाही, ताई."

"मग आता कळलं ना? दे तो इकडे."

तिने क्लोन बाजूला सारला. "हा छान आहे, उजेड आहे. पण बटणं कडक आहेत याची." करडा गेम डाव्या हाताने ओढून घेतला, उजवीकडची बटणं चाचपली. कुणा अनोळखी पोराने वर्षानुवर्षं दाबून दाबून मऊ केलेली बटणं. मग डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, आणून गेमवर ठेवला, त्याचा अंगठा उडीच्या बटणावर नीट बसवला.

"बाजू बदल," ती म्हणाली. "पुष्कळ उड्या मारल्यास. आता मी मारणार."

छोटू उठून तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. गेम डावीकडून धरला, दिवा जवळ घेतला, आणि बदक चालवायला लागला. वेडंवाकडं, अडखळत, पण आणलं एकदाचं खड्ड्याच्या काठाशी. तिथे थांबवलं.

ताईचा अंगठा हलेना. तिच्या कपाळावर घाम आला. छोटूने अंगठा हलवला नाही. लहानपणी ती याच्यासाठी अशीच काठावर थांबत असणार, हे त्याला आता कळत होतं, आणि त्याला घाई नव्हती. बाहेरचा उजेड कमी झाला. बदक पापण्या मिटत, उघडत उभं होतं.

आणि बटण दबलं. किंचित, पण दबलं. बदक टुणकन उडालं. छोटूला इतका आनंद झाला की तो पुढे न्यायचं विसरला, आणि पुढे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. डुबुक्!

दोघं एवढ्याने ओरडले की आतून भाची धावत आली. "काय झालं? काय झालं?"

"खड्ड्यात पडलं!" ताई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "मी उडवलं आणि या गाढवाने पाडलं! चल रे, पुन्हा आण."