घरी येणारी नर्स

आमच्या पक्षाचा जाहीरनामा छापायला जाण्याआधी पक्षातल्या माझ्या जुन्या मित्राला, वकिलाला, मोठ्यानं वाचून दाखवायचा, हा जुना शिरस्ता. वाचणारा मी. तो डोळे मिटून ऐकायचा आणि वाक्य खोटं वाटलं की बोट वर करायचा. माझा आवाज सभेत घशाबाहेर येत नाही. त्याच्यापुढे मात्र कधी अडखळला नाही.

या निवडणुकीच्या वेळी वकील अंथरुणावर होता. पक्षाघातानं उजवी बाजू गेलेली. त्याची मुलगी नोकरी सोडून त्याचं सगळं करत होती.

दुपारी मसुदा समितीची बैठक झाली. सरचिटणीस तरुण, हुशार मुलगी. भराभर पानं उलटत ती एका कलमावर थांबली. ‘अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे सरकारी नर्स घरी येईल.’ वकिलाची आई अंथरुणावर पडून गेली, त्या वर्षी त्यानं ते लिहिलं होतं.

“काका, हे फार जुनाट वाटतं हो. आता सल्ला मोबाइलवर मिळतो. ‘घरबसल्या डिजिटल आरोग्यसेवा’ असं करू या.”

“मोबाइल पाठ पुसून देतो का?” मी म्हणालो.

“काय म्हणालात?”

मी पुन्हा म्हणालो, पण आणखीच हळू. खजिनदार म्हणाला, “काकांना चहा सांगा रे, तापलेत.” सगळे हसले. हसता हसताच हात वर झाले आणि कलम गेलं. जुनाट म्हणजे नक्की काय, हे विचारायचं मला घरी परतताना सुचलं. मला सगळं असंच उशिरा सुचतं.

संध्याकाळी कागद घेऊन वकिलाकडे गेलो. त्याची मुलगी चादर बदलत होती.

“काका, बाबांना पलीकडून धरा जरा.”

“हळू रे पुस्तक्या,” वकील म्हणाला. मला तो पहिल्यापासून पुस्तक्याच म्हणतो. त्याचे शब्द आता ओढल्यासारखे येतात. “पानं सुटतील माझी.”

“पानं सुटू देत, बाबा. बडबड तेवढी थांबेल,” मुलगी म्हणाली.

मी वाचायला बसलो. पहिल्याच पानावर त्याचं डावं बोट वर झालं.

“सर्वसमावेशक परिसंस्था म्हणजे काय रे?”

“मलाही ठाऊक नाही.”

“मग मत कोण देणार? परिसंस्था?”

आम्ही हसलो. मग आरोग्याचं पान आलं. त्याचा चेहरा उशीवर वाकडा पडला होता, ओठांच्या कडेला ओल होती. मला ते नवं वाक्य वाचवेना. मी जुनंच म्हणालो, पाठ होतं ते. आवाज हलला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

बोट वर झालं. आपण पकडले गेलो, असं मला वाटलं.

“हे अजून आहे?”

“आहे.”

“काढ.”

“अरे, तुझं आहे ते.”

“म्हणूनच सांगतो. दोनदा सत्तेवर आलो आपण. कुणाच्या दारात आली नर्स? माणसं वाट बघत गेली आणि आपण दर निवडणुकीला तेच छापलं.” त्याला धाप लागली. “जुनं-नवं नंतर बघा. खोटं आहे ते. काढ.”

मुलगी चमच्यानं त्याला पाणी पाजायला पुढे झाली होती. ती म्हणाली, “राहू दे ना, बाबा.”

वकील तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. बोट हळूहळू चादरीवर आलं.

“बरं. राहू दे. वाच पुढचं.”

मी शेवटपर्यंत वाचलं. बोट पुन्हा उठलं नाही. तो झोपला होता की ऐकत होता, कळलं नाही.

मुलगी दारापर्यंत आली.

“गाळलंय ना ते, काका? बैठक संपताच पक्षाच्या ग्रुपवर आला मसुदा, माझ्या मोबाइलवर.”

मी होकारार्थी मान हलवली. “मग राहू दे का म्हणालीस? त्याला तर नकोच होतं ते.”

“त्यांना नको होतं,” ती म्हणाली. “मला हवं होतं. एक दिवस तरी कुणी येईल, आणि मी नुसती झोपेन.”

तिनं दार लावून घेतलं. आतून तिचं रडणं ऐकू आलं, तोंडावर पदर दाबल्यासारखं, वडिलांना ऐकू जाऊ नये असं. दार वाजवावं की निघून जावं, मला ठरवता येईना. मी जिन्यात नुसता उभा राहिलो.