मापांच्या वहीतलं इंग्रजी

हेडक्लार्कना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं मराठी गेलं. इंग्रजी मात्र राहिलं. तेही सगळं नाही. छत्तीस वर्षं ऑफिसच्या पत्रांत घालून घालून गुळगुळीत झालेली तेवढीच वाक्यं. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधीकधी." कारण ठाऊक नसलं की डॉक्टरही हेच म्हणतात.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी बायकोला पहिलं वाक्य ऐकवलं: "काइंडली डू द नीडफुल."

बायको कपडे शिवणारी. बाईंचं इंग्रजी 'साइज' आणि 'अर्जंट' यांच्यापुढे कधी गेलं नव्हतं. पण गिऱ्हाईक तोंडानं एक सांगतं आणि त्याला हवं असतं भलतंच, हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी मापांची वही उघडली. छाती, कंबर आणि उंचीच्या रकान्यांवर नवी नावं घातली: काय म्हणाले, काय पाहिजे, काय केलं. पेन्सिलनंच. मापं कधी पेननं लिहायची नसतात, माणसं सुटतात आणि वाळतात.

सात महिन्यांत वही निम्मी भरली. 'काइंडली डू द नीडफुल' म्हणजे पाणी. 'पुट अप द फाइल' म्हणजे उठवून बसवा. 'अंडर कन्सिडरेशन' म्हणजे जेवण आवडलेलं नाही, पण सांगायची छाती नाही. 'ॲज पर रूल्स' म्हणजे खिडकी लावा. का, ते विचारू नये.

मग एका सकाळी मुलगी आली. दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होती, अख्खा दिवस इंग्रजीत काढायची. तिच्या हातात रुग्णांना ठेवून घेणाऱ्या एका सेवाकेंद्राचा फॉर्म होता. 'रुग्णाची भाषा' या प्रश्नासमोर तिनं 'इंग्रजी, उत्तम' असं भरलंसुद्धा होतं. सही फक्त पत्नीची राहिली होती.

"आई, तिथे सगळा स्टाफ इंग्रजी बोलतो. बाबांचं बोलणं कळणारी माणसं नकोत का जवळ?"

"मग मी काय भिंत आहे?"

"तसं नाही गं. पण तुला इंग्रजी येतं का?"

"इंग्रजी नाही येत," बाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "हे येतात."

मुलगी हट्टाला पेटली होती. हट्ट कुणाकडून आला, हे दोघींनाही माहीत होतं. शेवटी बाईच म्हणाल्या, "असं कर. आज दुपारी तू बस त्यांच्यापाशी. मी मशीनवर बसते. संध्याकाळी म्हणशील तिथे सही करते."

म्हणाल्या खऱ्या, पण मशीनवर बसल्यावर बाही दोनदा उलटी जोडली. पलंग रिकामा झाला तर वहीचं करायचं काय, हेच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

अडीचच्या सुमाराला आतून आवाज आला. "प्लीज फाइंड एनक्लोज्ड."

"काय जोडलंय बाबा? पत्र आहे का कुठलं?" ड्रॉवर उघडल्याचा आवाज. "हे विम्याचे कागद का? मग हे?"

"प्लीज फाइंड एनक्लोज्ड!" हेडक्लार्कांचा आवाज चढला. मुलीनं कपाट उपसलं. उशीखाली पाहिलं. बाबा लालबुंद झाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाई उठल्या, मांडणीवरची कोरडी चादर आणि पायजमा घेऊन आत गेल्या. "सरक जरा, बाळा. पांघरूण ओलं झालंय त्यांचं." नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मिळालं हो, मिळालं."

हेडक्लार्कांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मुलीनं ओलं पांघरूण बादलीत भिजत घातलं. मग बाहेर येऊन मशीनजवळच्या स्टुलावर बसली आणि वही चाळू लागली. दोनदा हसली. एका पानावर थांबली.

"आई, 'अवेटिंग युवर रिप्लाय'. रोज चार वाजता, फोनकडे बघून. काय पाहिजे, तर लिहिलंयस 'लेक'. आणि काय केलं हा रकाना रिकामाच?"

"माझ्या हातातलं नव्हतं ते."

"अगं, मी करत होते की फोन!"

"करायचीस ना. बाबा कसे आहेत, हे मला विचारायचीस."

अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला शब्द सापडू नये, हे त्या घरात दुसऱ्यांदा घडत होतं.

चार वाजले. "अवेटिंग युवर रिप्लाय," आतून आलं. मुलगी आत गेली. आपल्या साहेबाच्या चहाड्या, गळणारा नळ, पांढरे झालेले केस, सगळं तिनं बाबांना मराठीतून सांगितलं. चांगला पाऊण तास. बाई पाय पॅडलवर ठेवून ऐकत राहिल्या. मशीन काही चालवलं नाही.

शेवटी हेडक्लार्क म्हणाले, "नोटेड."

मुलगी डोळे पुसत बाहेर आली आणि पर्समधलं पेन काढून तो रिकामा रकाना भरू लागली.

"पेन्सिलनं," बाई म्हणाल्या. "आणि रोज भरायचा असेल तर जागा ठेवून लिही."

फॉर्मचा कागद छान जाड निघाला. बाईंनी त्यातून कॉलरचा नमुना कापला.