उकंडरावांच्या मोटारीचा आवाज

१९३७ साली मंगरूळपिरात तीन मोटारी होत्या आणि त्यांपैकी दोन बंद होत्या. तिसरी उकंडराव पाटलांची. ती चालू आहे हे गावाला ती दिसण्याच्या बरेच आधी कळे, कारण इंजिनाच्या पुढच्या झाकणाआडून सतत ‘कट्‌कट्‌कट्‌’ असा आवाज येई.

पाटलांची कापसातली सरकी काढायची जिन होती आणि तिच्या इंजिनासाठी त्यांना कायमचा मिस्त्री हवा होता. त्यांनी इस्माईल मिस्त्रीला सांगितले, “मोटारीची कटकट बंद कर, जिनचं इंजिन तुह्या हाती. नाई तर अकोल्याचा मानूस येते.” इस्माईल दर हंगामाला नवी जागा शोधून थकलेला होता, ही नोकरी त्याला हवीच होती.

मी नागपुराहून बी.एस्सी. होऊन नुकताच शाळेत विज्ञान शिकवू लागलो होतो, म्हणून निदानासाठी पाटलांनी मलाही बोलावले. झाकण काढले. आतल्या दातेरी चक्राचे दात स्पष्ट झिजलेले होते. मी म्हणालो, “दोष चक्रात आहे. नवे आणा.”

इस्माईलने कडुनिंबाची काडी इंजिनावर टेकवली, दुसरे टोक कानाला लावले.

“मास्तर, चक्र मार खाऊन राह्यलं. मारनारा येगळाच हाय. पयले बुश पाहा.”

बुश म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते धातूचे कडे. काडीने ऐकण्याच्या पद्धतीचा माझ्या एकाही पाठ्यपुस्तकात उल्लेख नव्हता, म्हणून मी ती विचारात घेतली नाही. नवे चक्र आले, बसले. आठ दिवस शांतता होती. नवव्या दिवशी कटकट परत आली.

मग मी मोजमाप केले, जे आधी करायला हवे होते. नवे चक्र आणि त्याला जुळणारे दुसरे चक्र यांच्या दातांमध्ये शिशाची तार दाबून तिची जाडी चार ठिकाणी घेतली. चारही आकडे वेगळे आले. दांडा हाताने उचलला, तर तो चक्क हलला. कडे आतून लंबगोल झिजले होते. त्यामुळे दांडा डगमगत होता आणि दोन्ही चक्रांचे दात एकमेकांवर आपटत होते. नवे चक्रही काही महिन्यांत जुन्यासारखेच झाले असते.

“काडीनं हेच सांगतलं होतं,” इस्माईल म्हणाला. “पन काडी बी.एस्सी. नाई ना.”

त्याने जिनच्या लेथवर नवे कडे कातले. फट किती ठेवणार, असे मी विचारले.

“कांद्याच्या पापुद्र्याएवढी.”

मी पापुद्रा मोजला. एका इंचाचे दोन सहस्रांश. पुस्तकातला आकडाही तोच होता.

दांडा तेल लावून कड्यात सोडला, तेव्हा तो स्वतःच्या वजनाने सावकाश उतरला. इंजिन सुरू केले. ते चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी पंख्याकडे बघावे लागले. इस्माईलने माझ्याकडे पाहिले. मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पाटील किन्हीराजाला आपल्या शेतावर जाऊन आले आणि थेट जिनवर उतरले. चेहरा तापलेला होता.

“इस्माईल! हे काय करून ठेवलं बे?”

“आवाज बंद केला, पाटील. तुमीच म्हनले होते.”

“किन्हीराजाच्या चावडीवर पंधरा जन बसले होते. येक उठला नाई! आवाज आला का उभे राह्यचे सारे. आज मी त्याह्यच्या म्होरून गेलो, तं रामकिसन तंबाखू मळून राह्यला होता. मळतच राह्यला!”

“हॉर्न वाजवायचा होता,” मी म्हणालो.

पाटलांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “मास्तर, हॉर्न वाजवनं म्हंजे आपुनच ‘उठा’ म्हननं. ते मागून घेनं झालं.” मग इस्माईलकडे वळून, “जुनं कडं घाल. नाई तं अकोल्यावाला उद्याच येते.”

इस्माईलचा चेहरा उतरला. जुने कडे घातले तर इंजिन मरणार होते आणि त्याचा दोष त्याच्याच माथी येणार होता. घातले नाही तर नोकरी जाणार होती.

“येक घंटा द्या, पाटील.”

एका तासात त्याने बॉनेटच्या आतल्या बाजूला पत्र्याची एक पट्टी बसवली, एकाच ढिल्या रिव्हेटवर. इंजिन सुरू होताच पट्टी थरथरली: कट्‌कट्‌कट्‌. आत इंजिन निर्दोष चालत होते.

पाटील तसेच किन्हीराजाला परत गेले. चावडीवरचे पंधराही उभे राहिले. रामकिसनच्या हातातली तंबाखू सांडली, असे पाटलांनी स्वतः सांगितले.

इस्माईल जिनचा मिस्त्री झाला. त्याच्या कामांत दर महिन्याला इंजिनाच्या सगळ्या बुशांची तपासणी असे आणि पाटलांच्या आज्ञेवरून एक रिव्हेट ढिले करणेही. त्या रिव्हेटची फट मी मोजली आहे. कांद्याचे चार पापुद्रे.