डोंगा, इयत्ता चौथी

भाताच्या गंजावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे इंदुताईला चुलीची आठवण झाली. चुलीतलं लाकूड तिनं मागे ओढलं, तान्हीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि शाळाखात्याच्या कचेरीचं पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. तेच होतं सगळं.

"भाऊ, हे विसाव्या नंबरचं नाव कोनी लिवलं?"

"मीच लिवलं," दारात उकिडवा बसलेला मनसाराम म्हणाला. "काऊन?"

"डोंगा. सागवानी. वय अकरा," तिनं वाचून दाखवलं.

"अकराच आहे ना. बेचाळीसात चिमूरची गडबड झाली त्या साली कोरला. उन्हाळ्यात बारावं लागंल."

इंदुताईनं डोळे मिटून घेतले.

बेलतळ्याची शाळा मासेमार ढिवरांची, म्हणजे खाजगी. सरकारी शाळा नदीपार सहा कोसांवर, म्हणून तिथल्या पंचांनी तीन वर्षांमागे ब्रह्मपुरीची सातवी पास इंदुताई शिकवायला गावात आणली. तिचा नवरा बल्लारपूरला कागदाच्या कारखान्याच्या बांधकामावर, महिन्या-दीड महिन्यानं उगवायचा. जाळी वाळत घालायच्या छपरात शाळा भरे. मान्यतेवाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. यंदा अडलं ते बुधरीपायी. जंगलातल्या पाचदहा घरांच्या टोल्यावरची ही गोंडाची पोर रोज दीड कोस चालत येई आणि एवढ्या शाळेत चौथीची ती एकटी. मान्यता नसलेल्या शाळेचं पोर चौथीच्या परीक्षेला घेत नसत. पास झाली असती तर इंदुताईच्या आईकडे राहून ब्रह्मपुरीला पाचवीत गेली असती. नाही तर उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडायला, आणि एकदा तिकडे गेलेली पोर पाटीकडे परत येत नाही, हे इंदुताईनं दोनदा पाहिलं होतं.

मान्यतेच्या अर्जाचा कागद आला तो नेमका आषाढात, इंदुताई बाळंतिणीच्या खाटेवर असताना. मनसाराम गावातला लिहिता माणूस. त्यानं तो भरून टाकला. आता मनसारामला आयुष्यात यादी एकच ठाऊक, मासोळीच्या वाट्यांची. घरं ओळीनं घ्यायची आणि शेवटी होडीचा, म्हणजे डोंग्याचा वाटा धरायचा. तोही पाण्यात उतरतो, तोही झिजतो, त्याला वगळून कसं चालेल. त्यानं घरागणिक पोरं लिहिली, ती एकोणीस भरली. विसावा डोंगा. बुधरीचा बाप तलावात जाळं टाकत नाही, त्याला वाटा नाही. म्हणून बुधरीचं नावही नाही.

"साहेब येनार आहेत तपासनीले," इंदुताई शेवटी म्हणाली. "त्याइले सांगू. डोंगा काढा म्हनू, बुधरी घाला म्हनू. मानूसच आहेत तेही."

मनसारामच्या मनाला ते काही पटलं नाही. "डोंग्याले काढनं बरं नाई, बाई," एवढं बोलून तो उठला.

पौषातल्या एका सकाळी कोत्तावारसाहेब बैलगाडीतून उतरले. सोबत लटारू नावाचा शिपाई आणि त्याच्या डोक्यावर नियमांचं बाड. साहेब वाळकुडे, सभ्य, पायात मळलेले मोजे. त्यांनी आधी छपराचं माप घेतलं, मग उजेडाचा रकाना काढला.

"जमिनीच्या एक पंचमांश खिडक्या हव्यात. खिडक्या कुठे आहेत?"

"भिंतीच नाईत, साहेब," इंदुताई म्हणाली. "चारी बाजूंनी उघडं आहे."

"म्हणजे खिडक्या नाहीत." डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून लटारूनं छत्री धरली होती, तिच्या सावलीत साहेबांनी लिहिलं, उजेड अपुरा.

मनसारामनं हे ऐकलं आणि दोन गड्यांना हाक मारली. बघता बघता छपराच्या चारी बाजूंना जाळी टांगली गेली. साहेब एका जाळ्यापाशी गेले, भोकातून बोट घालून पाहिलं, दोन वीत जागेतली भोकं मोजली, गुणाकार केला.

"खिडक्या भरपूर आहेत," ते म्हणाले आणि अपुरा हा शब्द नीट खोडून त्यांनी बाजूला सही केली.

मग हजेरी. एकोणीस पोरांनी एकोणीसदा हजर म्हटलं. विसाव्याला साहेबांनी चष्मा पुसला.

"डोंगा."

इंदुताईनं सकाळपासून घोकलेलं सगळं सांगितलं. बाळंतपण, वाट्याची यादी, बुधरी, सगळं. साहेबांनी मधे एकदाही तोडलं नाही. तान्ही रडायला लागली तेव्हा ती थांबेपर्यंतही थांबले.

"समजलं मला, बाई. ती होडी आहे हे मला कळतं. पण नाव काढायचं तर पालकाचा अर्ज आणि दाखला लागतो, नाही तर मृत्यूची नोंद. पालक कोण?"

"मी," मनसाराम म्हणाला. "मी अर्ज देत नाई. आन् मेला बी नाई तो. कालच पान्यात गेलता."

"भाऊ," इंदुताई दातांवर दात ठेवून म्हणाली.

"आणि समजा काढलं," साहेब पुढे म्हणाले, "तर राहिले एकोणीस. वीस नसतील तर मान्यता नाही. अर्जानंतर नवं नाव घालायचं तर आधी मान्यता हवी, आणि तेही जूनमध्ये."

"परीक्षा तर एप्रिलात आहे."

"हो ना," साहेब कळवळून म्हणाले. "एका गावी मी स्वतःच्या हातानं एक नाव खोडलं होतं. चार वर्षं त्याची उत्तरं देतो आहे. पेन्शन दोन वर्षांवर आलीय, बाई. विद्यार्थी हजर करा."

सहा ढिवरांनी डोंगा तलावावरून उचलून आणला. शेवाळाचा वास आला, पाणी सांडलं, पोरं सरकली. जागा एकच रिकामी होती, मागे, बुधरीच्या शेजारी. तिथे तो टेकवला. बुधरीनं हात लांब करून त्याच्या कडेवरची एक गोगलगाय काढली आणि बाजूला ठेवली.

"वय अकरा," साहेब पुटपुटले. "वयाप्रमाणे इयत्ता चौथी. शिस्त?" त्यांनी डोंग्याकडे क्षणभर पाहिलं. "उत्तम. लटारू, उंची घे."

"उभी घेऊ का आडवी, साहेब?"

"नियमात उंची म्हटलंय."

लटारूनं सुतळी धरून उंची घेतली. दीड हात. वयाच्या मानानं कमी, असा शेरा पडला. त्यावर मनसाराम थोडा दुखावला. "लांबी घ्या म्हना, बाई. लांबीत कोनाले आयकनार नाई."

मग साहेबांनी गणित विचारलं. "एकोणीस साते?"

पोरं एकमेकांच्या पाठीमागे लपू लागली. मागून आवाज आला, "एकशे तेहतीस."

"शाबास. कोण बोललं?"

बुधरी उभी राहिली. साहेबांनी नाव विचारलं, यादीवरून बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं. "हिचं नाव नाही."

"म्हनून तर सांगत होती, साहेब," इंदुताई म्हणाली.

टाकाचं टोक साहेबांनी झटकलं, पुसलं, पुन्हा बुडवलं. "उत्तर तर आलं आहे. आलेलं उत्तर न आलं असं मी लिहिणार नाही. आवाज त्या कोपऱ्यातून आला. त्या कोपऱ्यात यादीवरचा विद्यार्थी एकच." आणि विसाव्या नंबरापुढे त्यांनी लिहिलं, गणित चांगले.

जाताना गाडीत चढता चढता ते वळले. "पोर हुशार आहे, बाई," ते म्हणाले. कोणतं पोर, ते त्यांनी सांगितलं नाही.

फाल्गुनात मान्यता आली. सोबत परीक्षेचा कागद: केंद्र ब्रह्मपुरी, बैठक क्रमांक दोनशे चौदा, विद्यार्थ्याचे नाव डोंगा मनसाराम. इंदुताईनं तो कागद दिवसभर पदराला बांधून ठेवला. तान्हीला पाजताना सोडायची, बघायची, पुन्हा बांधायची. मान्यता मिळाली होती. जिच्यासाठी मागितली ती बाहेरच.

दुसऱ्या दिवशी तिनं मनसारामला बोलावलं आणि प्रथमच त्याच्यावर आवाज चढवला. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "बाई, डोंग्याचा वाटा निघते तवा तो काय स्वतः उचलून घरी नेते का? त्याले ना हात ना तोंड. ज्याच्या हातात वल्हं, तो त्याच्या वतीनं उचलते. आमच्यात तसंच आहे, बापजाद्यापासून. वाटा मात्र डोंग्याचाच."

"मंग?"

"मंग बुधरी जाईल. दोनशे चौदावर बसंल. थे साहेब का परीक्षेत डोंगा पाह्यले येनार आहेत?"

ही लबाडी होती. इंदुताईला ते पुरतं कळत होतं, आणि या सगळ्या कारभारात तेवढीच एक गोष्ट अकलेची आहे, हेही कळत होतं. तिनं तान्हीला झोळीत घातलं आणि बुधरीला जवळ बोलावलं. छपरात दोघीच होत्या. केसांतलं जंगलचं कुसळ काढत, वेणी घालत घालत तिनं तिला समजावलं. परीक्षेला जायचं. पेपरावर नाव डोंगा लिहायचं. कोणी विचारलं तर नाव तेच सांगायचं. भ्यायचं नाही.

बुधरीनं मान हलवली. बोटानं जमिनीवरच्या धुळीत डोंगा लिहून पाहिलं. अक्षर सुरेख आलं. ती त्याकडे बघत राहिली.

"बाई, ब्रह्मपुरीले पाचवीत बी हेच नाव लागंल का?"

"मंगच्या मंग पाहू."

वेणीचं शेवटचं पेड इंदुताईच्या हातात होतं.

"मंग मी पास झाली, त पास कोन झालं, बाई? मी का डोंगा?"