सरपंचांच्या घरचा फोन

सकाळी साडेसहाला नान्वेई गावाचा भोंगा खरखरला की आधी सरपंच बोलायचे आणि मग सरपंचांच्या घरचा फोन वाजायचा. रोज याच क्रमानं, गेली दोन वर्षं.

फोन उचलायची सरपंचांची सून, वू पीश्या. छप्पन्न वर्षांची बाई. एका हातात रताळ्याच्या पेजेचा डाव, दुसऱ्या हातात फोन. पलीकडून विचारलं जायचं, "सूनबाई, आबा म्हणाले लस बुधवारी. म्हणजे कधी?"

"मंगळवारी. नऊ वाजता. कार्ड घेऊन या."

"बरं बरं. आबांना सांगू नका हं मी विचारलं म्हणून."

असे रोज सात-आठ फोन. कुणी आबांना सांगायचं नाही, आणि आबांखेरीज सगळ्यांना माहीत.

आबा म्हणजे त्साय मुशुई, वय चौऱ्याऐंशी, अठ्ठावीस वर्षं सरपंच. गावातला बांध, देवळापुढचा रस्ता, कालवं फोडणाऱ्या बायकांच्या डोक्यावरचं पत्र्याचं छप्पर, सगळं त्यांनी तालुक्याच्या कचेरीत ठाण मांडून मिळवलेलं. माणूस सोन्यासारखा, हे शत्रूही कबूल करील. पण अलीकडे वार, तारखा आणि वेळा त्यांच्या हातून निसटायच्या. पीश्या रात्रीच कागदावर सगळं मोठ्या अक्षरात लिहून माईकशेजारी ठेवायची. ते कागदाला हातही लावायचे नाहीत. "कागद बघून बोलायला मी काय बातम्या देतो?" असं म्हणून माईकवर टिचकी मारायचे आणि सुरू व्हायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी म्हाताऱ्या लिनच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या जेवणाचं आमंत्रण द्यायच्या ऐवजी त्याच्या अंत्यविधीची वेळ सांगितली. लिन त्या वेळी भोंग्याच्याच खांबाखाली बसून पेज पीत होता. त्यानं वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "असू दे. जेवण ठेवलंय ना? मग मी येतो." गाव आठवडाभर हसलं. पण आबांच्या समोर कुणाच्या ओठाची कड हलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्या गावाला शिकवावं लागत नव्हतं.

तर नोव्हेंबर आला आणि निवडणूक आली. आबांनी आठव्यांदा अर्ज भरला. समोर उभा राहिला शू चुनहुंग, माशांच्या खाद्याचं दुकान चालवणारा, चव्वेचाळीस वर्षांचा. पोरगा हुशार, पण अडचणीत सापडलेला. वयाचा विषय काढावा तर थोरामोठ्यांचा अपमान केला म्हणून मतं जाणार, न काढावा तर बोलण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. तो नाव छापलेलं हिरवं जाकीट घालून दारोदार कंबरेत वाकायचा आणि म्हणायचा, "आबांनी फार कष्ट केले. आता त्यांना निवांत चहा प्यायला द्या." लोक म्हणायचे, "खरंय बाबा, खरंय," आणि त्यालाच चहा पाजून वाटेला लावायचे.

खरी चर्चा व्हायची देवळापुढच्या टेबलावर, शेंगांच्या टरफलांच्या ढिगाऱ्याशी.

"पंचाहत्तरी झाली की स्कूटरच्या लायसन्ससाठी डोकं तपासतात," एक जण म्हणायचा. "गावाच्या शिक्क्यासाठी काहीच नाही?"

"गाव काय ताशी साठच्या वेगानं पळतंय? आपलं गाव उभंच आहे."

"मग त्याला धरायला कुणीही चालेल की!"

"कुणीही कशाला? आबा आहेत. आणि चुकलेच तर घरी फोन आहे."

यावर सगळे हसायचे आणि विषय तिथंच मिटायचा.

पीश्याच्या कानावर हे हसू यायचं, आणि तिचा जीव दोन्हीकडून कातरला जायचा. म्हातारा निवडून आला तर आणखी चार वर्षं तिच्याच गळ्यात. कचेरीचे अर्ज, वृद्धांची यादी, वादळाच्या सूचना, सगळं तिनं करायचं आणि नाव सासऱ्याचं. पडला तर तो मोडून जाईल. सासूबाई गेल्यावर त्याला सकाळी अंथरुणातून उठवणारी एकच गोष्ट उरली होती, तो माईक. म्हाताऱ्यावर तिची माया होती. बोट धरून त्यानंच तिला या गावात रुळवलं होतं. नवरा भरती-ओहोटीच्या तालावर जगणारा, समुद्रात रोवलेल्या, कालवं वाढवायच्या बांबूंपाशी अर्धा दिवस. घरात बोलायला माणूस काय तो हा एकच. म्हणून तर "बाबा, आता पुरे" हे तीन शब्द तिच्या तोंडून निघत नव्हते.

मतदानाला दहा दिवस उरले असताना तिनं एक गोष्ट केली. रागानं केली, खोटं कशाला सांगा. बुधवारी सकाळी आबांनी भोंग्यावरून सांगितलं, "उद्या नाही, परवा, शुक्रवारी दिवसभर नळाला पाणी नाही." कागदावर गुरुवार होता. फोन वाजला. पीश्यानं तो बंद केला आणि पेज ढवळत राहिली.

गुरुवारी नळ कोरडे पडले. कालवांच्या छपराखाली बावीस बायका कोपरापर्यंत चिखलात, आणि धुवायला थेंब नाही. टोपल्याच्या टोपल्या माल उन्हात. दहाच्या सुमाराला त्यातल्या सात-आठ जणी सरपंचांच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. पुढे युएओ मावशी, सत्तरीची, तोंडानं तिखट.

"फोन का उचलला नाहीस गं?"

"आबा बोलले होते की भोंग्यावर."

"आबा बोलले ते आम्ही ऐकलं. तू काय म्हणतेस ते ऐकायला फोन केला होता. माझी चाळीस किलो कालवं वाया गेली!"

"मग आबांना विचारा."

"त्यांना कशाला? त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याचा काय दोष? दोष तुझा. तुला माहीत होतं."

पीश्याचं डोकं फिरलं. "मावशी, सरपंच मी आहे का?"

मग युएओ मावशी खो खो हसली, चिखलाचे हात कमरेवर ठेवून. "मग कोण आहे गं? दोन वर्षं आम्ही कुणाला मत दिल्यासारखं वागतोय? तुझं नाव कागदावर नाही, एवढंच."

बायका हसत, कुरकुरत गेल्या. पीश्या वळली. पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर आबा डोळे मिटून बसले होते. झोप लागली असावी, असं तिनं स्वतःला समजावलं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "काल मी काही चुकीचं बोललो का?"

तिनं त्यांच्या वाटीत माशाचा काटे काढलेला तुकडा ठेवला. "नाही हो बाबा. पाणीवाल्यांनीच दिवस बदलला."

"असं होय," ते म्हणाले आणि मासा खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून फोन पुन्हा सुरू झाला. ज्या बाईला भर अंगणात खरं सांगता येतं, तिला ताटावर बसल्यावर सांगता येऊ नये, याची तिची तिलाच चीड आली.

पुढच्या आठवड्यात शनिवारी मतदान. शाळेच्या वर्गात पडदा लावलेली खोकी होती. पीश्या आत गेली, शिक्का उचलला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं दोन नंबरवर, शू चुनहुंगवर शिक्का उमटवला. बाहेर दारात आबा रांगेत उभे होते, खिशाला पेन, डोक्यावर नवी टोपी. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं," ती म्हणाली आणि त्यांच्या डोळ्यांकडे न बघता पुढे गेली.

चार वाजता दार उघडून मोजणी सुरू झाली. आमच्याकडे मोजणी उघड्यावर होते. अधिकारी प्रत्येक कागद डोक्यावर धरून ओरडतो, दुसरा भिंतीवरच्या कागदावर रेघ ओढतो, पाच मतं झाली की पाच रेघांचं एक अक्षर पुरं, आणि गाव खिडक्यांना लोंबकळून बघतं. त्याच दिवशीच्या तालुका-जिल्ह्याच्या निवडणुकांच्या पेट्या आधी झाल्या, त्यांच्याकडे कुणी धड लक्षही दिलं नाही. सरपंचाची पेटी आली तेव्हा मात्र वर्ग भरला. आबांना पुढं लहान मुलांच्या बाकावर बसवलं. शू चुनहुंग भिंतीला टेकून नखं खात होता.

"एक नंबर! दोन नंबर! दोन नंबर! एक नंबर!"

रेघा दोन्हीकडे सारख्याच वाढत होत्या. लोक एकमेकांकडे बघायला लागले. देवळापुढं तर सगळेच आबांचे होते! दोन नंबरची रेघ ओढली गेली की जो तो छताकडे बघायचा.

मग अधिकारी थबकला. त्यानं कागद खाली-वर करून पाहिला, नियमाप्रमाणे डोक्यावर धरला आणि म्हणाला, "बाद! शिक्का नाही, काहीतरी लिहिलंय."

टोपल्यांवर नावं घालायच्या जाड लेखणीनं लिहिलं होतं: 'सरपंचांची सून'.

वर्गात हशा पिकला. पीश्याचे कान तापले. पाच कागदांनंतर पुन्हा "बाद!" त्यावर नुसतंच 'सूनबाई'. मग आणखी एक: 'जिला आम्ही फोन करतो ती'. हसता हसता कुणाला ठसका लागला. युएओ मावशी खिडकीत उभी राहून अगदी साळसूदपणे नखांतला चिखल काढत होती. बाद मतं सात झाली, नऊ झाली, बारा झाली. हळूहळू हसणं थांबलं. आबा बाकावर ताठ बसले होते. ते प्रत्येक कागद नीट वाचत होते. पीश्याला वाटलं, उठावं, त्यांचा हात धरावा आणि घरी न्यावं. पण ती उठली नाही.

पेटीच्या तळाशी तेरावा निघाला.

"बाद," अधिकारी दमलेल्या आवाजात म्हणाला.

यावर लेखणी नव्हती, साधं निळं पेन होतं. तीन अक्षरं, थरथरलेली, पण प्रत्येक रेघ जिथल्या तिथं. 'वू पीश्या'.

गावात तिला या नावानं कुणी हाक मारत नसे. निम्म्या गावाला ते ठाऊकही नसेल. ती सून होती, वहिनी होती, फोनवरची बाई होती. आणि हे अक्षर तिनं ओळखलं. घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज तेच तर असायचं, चुकीच्या वारांखाली. वार चुकायचे. नाव चुकलं नव्हतं.

एक नंबर, एकशे सत्तेचाळीस. दोन नंबर, एकशे चव्वेचाळीस. बाद, तेरा. बाहेर फटाक्यांची माळ लागली. लोक आबांना मिठ्या मारत होते, त्यातले निम्मे दोन नंबरवाले. शू चुनहुंगनं कंबरेत वाकून अभिनंदन केलं. आबा सगळ्यांना म्हणाले, "जेवून जा," आणि सुनेच्या स्कूटरवर मागे बसले.

स्कूटर बांधाच्या रस्त्याला लागली. खाली ओहोटीत बांबूंच्या रांगा उघड्या पडल्या होत्या. मग मागून आवाज आला, "तेरावं वाचता आलं का?"

"आलं, बाबा."

"बरं."

"तुम्हाला नको होतं तर उभे कशाला राहिलात?"

"जो भेटेल तो म्हणे, आबा, तुमच्याशिवाय कोण? मला वाटलं, तोंडावर कुणी खरं बोलत नाही, पेटीत तरी बोलतील. सरळ पाडतील, म्हणजे मला कळेल." त्यांनी टोपी नीट केली. "तीन मतांनी वाचवलं मेल्यांनी. तू काय केलंस?"

पीश्यानं स्कूटर बांधाच्या कडेला थांबवली. वळून त्यांच्याकडे बघितलं. "दोन नंबर."

म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू आलं, बोळकं दिसेपर्यंत. "चला. घरातलं एक माणूस तरी खरं बोललं."

"आधी बोलायला हवं होतं. नाही बोलता आलं."

"मलाही नाही विचारता आलं. विचारलं तेव्हा तू मासा वाढलास." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सोमवारी कचेरीत जाऊ. राजीनामा देतो. तीन महिन्यांत पुन्हा मतदान लागेल. तेव्हा शिक्का मारायच्या जागी तुझं नाव छापलेलं असू दे. दुसऱ्यांदा बाद व्हायची माझी इच्छा नाही."

पीश्याला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं किल्ली फिरवली.

"राजीनामा तू लिहून ठेव," ते सवयीनं म्हणाले, "मी सही करतो."

"नाही, बाबा," पीश्या म्हणाली. "तो तुम्ही लिहायचा."