तानाबाईचं वावर

गफ्फार मास्तरांनी कागदावर वरून खाली पाणी फिरवलं आणि ब्रश लाल रंगात बुडवला. आता हात थांबवून चालणार नव्हतं. कागद ओला आहे तोवरच रंग आपला आपण पसरतो. मधेच वाळला तर कडा धरतो आणि चित्र जातं.

समोर चार एकर बीटी कपाशी लाल्या रोगानं गेली होती. पानं देठापर्यंत तांबडी झाली होती, बोंडं सुपारीएवढी राहून वाळली होती. पण तिरप्या उन्हात ते वावर असं पेटल्यासारखं दिसलं की लोणारला निघालेले मास्तर बसमधून मधेच उतरले होते.

"साहेब, त्या कोपऱ्यातलंही लिहा," मागून एका बाईचा आवाज आला. "तिथं तं बोंडच नाही धरलं."

ती वावराची मालकीण, तानाबाई. मांडीवर बोर्ड, त्यावर कागद, नजर पिकावर, एवढं पाहून ती मास्तरांना पंचनाम्याचे साहेब समजली होती. आज गावात पंचनामे आहेत, ज्याचं वावर आज कागदावर चढणार नाही त्याचं नाव नुकसानीच्या यादीत येणार नाही, हे तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. मागच्या सालीही नाल्यापलीकडचं म्हणून तिचं वावर राहून गेलं होतं.

मास्तर तिला खरं सांगणार होते. पण रंग खाली उतरत होता.

"हं," ते म्हणाले. "लिहून राह्यलो."

चाळीस वर्षं त्यांनी एकच तळं काढलं होतं. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीला लोणारच्या काठावर जाऊन बसायचे. त्यांची तळी विश्रामगृहांत, पतपेढीत, दाताच्या दवाखान्यात लागली होती. नागपूरच्या प्रदर्शनानं मात्र तीनदा परत पाठवली. तुमच्या भागात तळ्याशिवाय काहीच नाही का, असं तिथल्या माणसानं शेवटी विचारलं होतं. त्यानं बरोबरच विचारलं, असं घरी बायको अमीनाही म्हणाली होती.

आज समोर तळं नव्हतं, आणि हात कधी नव्हे इतका मोकळा चालत होता.

नाल्याच्या गावाकडच्या काठावर तलाठ्याला घेऊन पंचनाम्याची जीप येऊन थांबली. त्यातून कोतवाल गुलाबरावानं हाक दिली, तुमचं वावर पाहायचं राहिलं का म्हणून. तानाबाईनं हात हलवून ओरडून सांगितलं की आमचं होऊन राह्यलं, इथं एक साहेब बसले आहेत.

मास्तरांनी ते ऐकलं. ब्रश हवेतच राहिला. टोकाशी थेंब जमला होता. मग त्यांनी तो कागदावर उतरवला. जीप वळून गावाकडे गेली.

पाऊण तासानं चित्र झालं. असं काम आपल्या हातून पूर्वी कधी झालं नाही, हे त्यांना लगेच कळलं. तानाबाई शेजारी येऊन उकिडवी बसली. तिनं कागद पाहिला, मग वावर, मग पुन्हा कागद.

"यात लिहेल तं काहीच नाही, साहेब."

"मी साहेब नाही, बाई. मी चित्रं काढतो."

तिनं पदर ओठाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला.

"मंग मले गाडी वापस काऊन पाठवू देली?"

मास्तरांनी रंगांची पेटी तशीच मातीत सोडली आणि चित्र उचललं.

गावापर्यंत ती झपाझप पुढे चालली होती, मास्तरांना धाप लागत होती. ग्रामपंचायतीत तलाठी फाइली बांधत होता. त्यानं मान न उचलताच सांगितलं की याद्या आजच तहसीलला द्यायच्या आहेत, फोटोवाला पुढच्या गावी गेला, आणि फोटोशिवाय वर कोणी काही घेत नाही.

"बाईनंच हाकललं ना आपल्याले," गुलाबराव म्हणाला. "तिले आपल्यापेक्षा मोठे साहेब भेटले होते."

ओट्यावरची माणसं हसली. तानाबाईनं मास्तरांकडे बोट दाखवलं नाही. 

"चुकी माही हाय," मास्तर म्हणाले. "मी चित्रकलेचा मास्तर, तासभर तिच्या वावरात बसून होतो. पंच म्हणून माही सही घ्या."

त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं. तलाठी वाकून बराच वेळ पाहत राहिला. बांधावरचं बोरीचं झाड त्यानं ओळखलं. नाल्यावरून मलाही असंच दिसलं होतं, तो हळूच म्हणाला, आणि त्यानं कोरा फॉर्म ओढला.

"फोटोच्या जागी हे जोडतो. पण मास्तर, फाइलीत गेलेला कागद परत मिळत नाही."

"नाही मिळाला तं नाही."

तानाबाईनं नाव आणि गट नंबर सांगितला. मास्तरांनी सही केली. तलाठ्यानं चित्र फाइलीत सरकवून पाहिलं. ते दोन बोटं बाहेर राहत होतं. तो खणात कात्री शोधू लागला.

"थांबा," मास्तर म्हणाले.

त्यांनी चित्र परत हातात घेतलं, रंगाची बाजू आत केली, आणि अंगठ्याच्या नखानं मधोमध घडी दाबली.