तांदळाचा पासंग

एकेचाळीस सालच्या फाल्गुनात आखाडा बाळापूरजवळच्या एका खेड्यात उत्तमराव पाटलांची हळद शिजत होती, आणि त्याच दिवशी त्यांच्या घरातून त्यांच्या पत्नी शालूबाईंची सोन्याच्या पुतळ्यांची माळ गेली. माळ गेल्याचं संध्याकाळी कळलं. चोर कोण, हे मात्र गावाला आधीपासूनच ठाऊक असावं. कारण कढईवर पाच गडी होते आणि त्यांतला लमाणांच्या तांड्यावरचा एकच, थावरा.

तरी रीत म्हणून दुसऱ्या दिवशी चावडीवर पाचांनाही कोरडा तांदूळ दिला. तो चावून पळसाच्या पानावर थुंकायचा. मनात पाप असेल त्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही, त्याचा तांदूळ कोरडा पडतो, अशी समजूत. चौघांचा लगदा पडला. थावराचं पीठ पडलं.

"उद्या कळमनुरीच्या ठाण्यात," पाटील म्हणाले.

तांड्याच्या माणसाचं नाव ठाण्यात एकदा चढलं की जन्मभर तिथं जाऊन हजेरी द्यायची. थावराची आई भिकाबाई चावडीच्या पायरीवर बसली ती उठेना.

हळद तोलणारा सोनाजी तिथंच होता. हा माणूस भारी काटेकोर. कुणाचाही ताजवा हाती आला की आधी रिकामा धरून बघायचा, एखादं पारडं मुळातच झुकतंय का. तेवढा पासंग कळल्याशिवाय सख्ख्या भावाच्या वजनावरही त्याचा भरवसा नसे.

"पाटील, ह्या तांदळाचा पासंग कुणी पाहिला का?"

"म्हंजे?"

"ज्यानं चोरी केलीच न्हाई, त्याचा तांदूळ कसा पडतो? काल तुमी अन् तुमचे भाऊ ग्यानबा दिवसभर वसमतला व्हता. तुमी दोघं चावून बघा."

चावडी हसली. पाटलांनी ऐटीत चिमूट तोंडात टाकली, ग्यानबानंही टाकली. दोघांचा छान लगदा.

"झालं समाधान?"

"सुपारी खाल्ल्यावानी खाल्ला तुमी," पायरीवरून भिकाबाई म्हणाली. "तुमाला कशाचं भ्याव? माझ्या पोराला ठाणं दिसून राहिलं व्हतं."

सोनाजीनं मान हलवली. "बाई बराबर बोलून राहिली. चूक माझीच. एक भ्यालेला अन् एक खुशीतला, असं तोलता येत न्हाई. पाटील, पुन्हा चावा. पण ह्या बारीला मारुतीची शपथ घ्या, ज्याचा कोरडा पडंल त्यो थावरासंगं ठाण्यात जाईल."

"मी काहून जाऊ? मी तर गावातबी नव्हतो!"

"मंग भेता काहून? खऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतंच की."

अख्खी चावडी पाटलांच्या तोंडाकडे बघू लागली. त्यांनी शपथ घेतली. ग्यानबाला एकाएकी बैलांना पाणी पाजायचं आठवलं आणि तो निघूनच गेला.

पाटील चावू लागले. चावता चावता मिशा हलायच्या थांबल्या. कपाळावर घाम आला. सोनाजी पान धरून समोर उभा. पाटलांना थुंकायचा धीर होईना आणि गिळू म्हटलं तर घशाखाली काही उतरेना. शेवटी त्यांनी हातानंच तांब्याची खूण केली.

पाण्याबरोबर तांदूळ पोटात गेला. पान रिकामंच राहिलं, पण पाहायचं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

"जा रे थावरा, घरी जा," पाटील म्हणाले.

"असं न्हाई, मालक," भिकाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "चारचौघांत चोर म्हनालात. चारचौघांतच सांगा, चोर न्हाई म्हनून."

"त्ये मला काय ठाऊक?"

"मंग तेवढंच सांगा."

पाटलांनी पागोटं काढलं, पुन्हा घातलं. "थावरानं माळ घेतली का न्हाई," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मला ठाऊक न्हाई."

भिकाबाई उठली. तिनं थावराचा दंड धरला.

"चाल. कालपासून पोटात काही न्हाई तुझ्या."